बांधावरची वीस पावलं

मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मर्दुमकीची अपेक्षा धरायला नको. लहानपणी पालीला भ्यालो, मोठेपणी दिपोटीसाहेबाला. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा अधिकारी. त्याच्या सहीचा नुसता कागद आला तरी माझ्या पोटात कालवाकालव होई आणि बायको तांब्या पुढे करी. असल्या माणसाने जमिनीची दलाली करावी, ही हसण्यासारखीच गोष्ट. पण केली.

रेवसच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात लोकलबोर्डाची शाळा होती, चौथीपर्यंतची. तिचा मी एकमेव मास्तर. मिठाच्या सत्याग्रहाचा गलबला नुकताच ओसरला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. एकदा रेवसच्या धक्क्यावर मुंबईचा एक शेठ आगबोटीतून उतरला. त्याला किहीमला माडांच्या वाडीत बंगल्यापुरती जागा हवी होती. मला जमिनीचा उतारा वाचता येत होता, चार शब्द इंग्रजी येत होतं आणि वाडीवाला माझ्या ओळखीचा होता. जागा जमली. तेव्हापासून रविवार आला की छत्री काखोटीला मारून मी निघे. कुणाला वाडी दाखव, कुणाला विहीर दाखव, कुणाच्या भावाभावांत समेट घडव. बोर्डाच्या नोकराला दुसरा धंदा करायला सक्त मनाई होती. त्यामुळे दर रविवारी मी नव्या उत्साहाने भीत असे.

बायको म्हणायची, "अहो, एवढं घाबरायचं तर करता कशाला?"

"संसारासाठी," मी म्हणायचो.

"संसार माझा आहे, घाबरट तुम्ही आहात, त्याचं खापर संसारावर फोडू नका." तिची जीभ अशी होती.

किहीमच्या वाड्या शेठलोकांसाठी. आमच्या गावाची जमीन मात्र खारी. खाडीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली भातशेती. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्र, आणि मधे पुरुषभर उंचीचा चिखल. तो चिखल शाबूत तर गाव शाबूत. अवस-पुनवेला उधाण येतं, पावसाळ्यातल्या उधाणाला वारा मिळाला की पाणी बांधाच्या डोक्यावर चढतं, आणि एकदा का खांड पडली की खारं पाणी सगळ्या शेतांत शिरतं. मग तीन तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही.

म्हणून गावाची एक रीत होती. तिला जोळ म्हणत. ज्याची जितकी जमीन, त्याच्या वाट्याला बांधाचा तितका तुकडा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत कुणाचा बांध. उधाणाला घासलेटचा डबा बडवला की ज्याने त्याने हातातलं काम टाकून आपल्या तुकड्यावर उभं राहायचं. चिखल, पेंढा, असेल ते भरायचं आणि पाणी उतरेपर्यंत हलायचं नाही. एकाने दगा दिला तर सगळ्यांचं भात जातं, म्हणून जोळ चुकवलेल्या घराला गाव चुलीतला विस्तवसुद्धा देत नसे.

आता सौद्याकडे येतो. गावातला एक म्हातारा पेणला लेकीकडे राहायला निघाला होता. त्याचं शेत विकायचं होतं. गिऱ्हाईक मीच आणलं. मुंबईच्या गोदीत पंचवीस वर्षं गोण्या वाहिलेला माणूस. पन्नाशीचा, खांदे रुंद, बोलणं हळू. मूळचा आतल्या डोंगराकडचा. भावकीत वाटण्या होता होता त्याच्या वाट्याला उभं राहण्यापुरतीही माती उरली नव्हती. पोरबाळ नव्हतं. नवरा-बायकोने आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधली होती आणि त्यांना एकच हवं होतं, स्वतःचं भाताचं शेत.

चैत्रात मी त्याला शेत दाखवलं. तेव्हा खाडी गरीब गाईसारखी लांब पडून असते. त्याने ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. मग बांधाकडे बोट करून म्हणाला, "मास्तर, ह्यो बांध कुणाचा?"

"गावाचा," मी म्हणालो.

"त्याची डागडुजी?"

"गाव करतं."

यातला एक शब्द खोटा नव्हता. पण तो डोंगरातला माणूस. त्याने उधाण कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर जोळ हा शब्द आला होता आणि मी तो गिळला. म्हटलं, आत्ता सांगावं तर हा बिचकेल. पंचवीस वर्षं समुद्राच्या काठी राबून पुन्हा समुद्राशीच झगडायचं, म्हणेल, नको बाबा. आणि माझी दोन महिन्यांची पायपीट पाण्यात जाईल. नंतर सांगू म्हटलं.

तो विहिरीचं पाणी चाखायला गेला तेवढ्यात बांधाची देखरेख करणारा दुसरा एक म्हातारा माझ्याजवळ आला. डबा बडवायचा मान त्याचा होता. मागे आणखी चारजण.

"मास्तर, तुमचा पावना गोदीवाला," म्हातारा म्हणाला. "दिवालीपरत मुंबय सोरनार न्हाय म्हनतो. त्याची वीस पावलं हायेत बांधावर. यंदाच्या उधानाला तिथं उबा कोन रेल?"

गावाने नाही म्हटलं असतं तर सौदा मोडला असता. गावाच्या मनाविरुद्ध त्या जमिनीवर कुणी पाऊल ठेवलं नसतं. पाचजण माझ्या तोंडाकडे बघत होते. मला असं कुणी रोखून बघितलं की काहीही कबूल होतं.

"मी उभा राहीन," मी म्हणालो.

"तुमी?"

"मी. माझा शब्द."

म्हाताऱ्याने मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. मास्तरचा शब्द म्हणजे गावात तेव्हा मोठी चीज होती. तो मान हलवून गेला. विहिरीवरून आलेल्या माणसाला मी यातलं काही सांगितलं नाही.

अलिबागेला खरेदीचा कागद झाला. नवरा मुंबईला परत गेला आणि बायकोला शेतावर ठेवून गेला. बाई काटक होती. कुडाची झोपडी तिने जवळजवळ एकटीने उभी केली, रोपांसाठी राब भाजला, पेरणी केली. शाळेवरून जाताना मला हाक मारायची, "मास्तर, येता का पानी प्यायला?" तिची ती हाक ऐकली की मला चोर पकडल्यासारखं होई.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. "अहो, तुम्हाला पोहता येत नाही, खेकडा बघितला तरी तुम्ही पाट चढता, आणि तुम्ही बांध धरणार? एक कार्ड टाका त्या माणसाला. खरं काय ते लिहा. येईल तो."

मी कार्ड लिहिलं. दोनदा लिहिलं. एकदा लिहिलं तेव्हा वाटलं, हा म्हणेल मास्तरने फसवलं, बोर्डाकडे अर्ज करेल, नोकरी जाईल. ते फाडलं. दुसऱ्यांदा सगळं गोडीगुलाबीने लिहिलं, तर वाचताना स्वतःचीच लाज वाटली. तेही चुलीत घातलं.

मग माझा एकच उद्योग उरला. पंचांगात अवस आणि पुनव बघणं. चतुर्दशी लागली की जेवण जाईना. पोरांना पाढे शिकवताना कान खाडीकडे. जेठातलं पहिलं उधाण रविवारी आलं. डबा वाजला, मी धोतराचा काचा मारून धावलो. त्या वीस पावलांवर उभा राहिलो. पाणी बांधाच्या खांद्यापर्यंत आलं आणि गेलं. दुसरं उधाण मधल्या सुट्टीत आलं. तेही निभावलं. शेजारच्या तुकड्यावरचा एकजण हसून म्हणाला, "मास्तर, पार आगरी झाले की!" मला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. वाटलं, निभेल. श्रावण-भादवा काढला की झालं, दिवाळीला तो येईल.

आषाढी पुनवेचा दुसरा दिवस. सकाळपासून वारा पश्चिमेचा, आणि पाऊस कसा, तर आडवा. शाळा भरून तासभर झाला असेल. दारात बैलगाडी थांबली आणि छत्री झटकत दिपोटीसाहेब आत आले.

न कळवता! आषाढात! माझं धाबंच दणाणलं. पावसाळ्यात दिपोटी येतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, माझ्याच खुर्चीवर बसले, आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आहे. तुम्ही शाळेच्या वेळात जमिनीची दलाली करता म्हणे."

"नाही साहेब," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बघू. आज मी दिवसभर इथेच आहे. परीक्षा घेतो, हजेरी बघतो, आणि तुमचं काय ते लिहून घेतो."

एक एक वर्ग उभा करून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी फळ्याशी उभा. भरती दुपारी, साडेबाराच्या सुमारास. घड्याळ साहेबांच्या खिशात, पण मला घड्याळाची गरज नव्हती. वारा कौलं उचलत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज डबा वाजू नये, एवढा एक दिवस वाजू नये.

वाजला.

आधी एकटा म्हाताऱ्याचा, मग वाडीवाडीतून दुसरे डबे. बायकांच्या हाका, चिखलात पळणाऱ्या पायांचा आवाज. खिडकीतून माणसं जाताना दिसत होती, डोक्यावर पेंढ्याचे भारे, हातात फावडी. वर्गातली चाळीस पोरं एकदम माझ्याकडे बघायला लागली. त्यांचे आईबाप त्या बांधाकडे चालले होते, आणि मास्तरनेही जायचं आहे हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

साहेबांनी मान वर केली. "हा कसला गोंगाट?"

मी म्हणालो, "काही नाही साहेब. गावात कसलीशी पूजा आहे."

एकही पोर बोललं नाही. मला भिऊनच बोललं नाही. त्या चाळीस तोंडांकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी फळा पुसायला घेतला. स्वच्छ फळा पुसत राहिलो. एक शब्द बोलायचा होता फक्त. साहेब, मला जायला हवं. ते माणूसच होते, कदाचित म्हणाले असते, जा. कदाचित नोकरी गेली असती. मी दोन्हींचा विचार करत राहिलो आणि डबे वाजत राहिले. बांधावर आता वीस पावलं मोकळी असतील, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. तरी पाय दाराकडे वळले नाहीत.

हळूहळू डबे थांबले. ते थांबल्यावर जास्तच भीती वाटली.

तीन वाजता साहेबांनी शेऱ्यांच्या वहीत लिहिलं, शिस्त चांगली. मुलं शांत. म्हणाले, "अर्ज खोडसाळ दिसतो. माझं समाधान झालं." मी त्यांना गाडीपर्यंत पोहोचवलं, छत्री धरली, हात जोडले. गाडी वळणाआड गेल्यावर धावलो.

पाणी उतरत होतं. बांध उभा होता. माणसं आपापल्या तुकड्यावर दमून बसली होती. माझ्या वीस पावलांवर ती बाई होती.

मागच्या दोन्ही उधाणांना, हे गावाचं काम म्हणून मीच तिला झोपडीत थांबवलं होतं; तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. लोक धावताना बघून ती धावली, तर शेजारच्याने ओरडून सांगितलं की हा तुकडा तुझ्या शेताचा, आणि मास्तरने शब्द दिलाय पण मास्तर कुठे दिसत नाही. फावडं नव्हतं. हातांनीच चिखल उपसला. पेंढा नव्हता. झोपडीचा कूड उपटून आणला, ताटी आणली, शेवटी अंथरुणातली गोधडी आणून चिरेत कोंबली आणि तिच्यावर पाठ लावून बसली. तरी मधल्या चार-पाच पावलांवरून पाणी आत गेलं होतं. थेट तिच्याच लावणीत. बाकी गावाच्या शेतात थेंब गेला नव्हता.

ती कमरेइतक्या चिखलात होती. नखांतून रक्त येत होतं. मला बघून म्हणाली, "मास्तर, आलात? कपडे खराब हुतील, तिथंच वर थांबा."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा मारला असता तर मी सहन केलं असतं. माझ्या अंगावर साहेबांसाठी घातलेला कोट होता, डोक्यावर टोपी होती, आणि मी खरंच वर थांबलो.

म्हातारा काठी टेकत आला. माझ्या बाजूने गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही. बाईजवळ जाऊन म्हणाला, "बाय, आजपास्ना ही वीस पावलं तुजी. डबा वाजला का तुज्या नावानं हाक देन." तिने मान हलवली. तिला उभंही राहवत नव्हतं.

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सुटलो. जीव भांड्यात पडला. आता पंचांग बघायला नको. लाज त्यानंतर वाटली, बऱ्याच वेळाने, घरी बायकोने ताट वाढलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली तेव्हा.

आठ दिवसांत तिची लावणी पिवळी पडली, मग तांबडी. गावाने तिला झोपडी बांधून दिली, कुणी पेंढा दिला, कुणी गोधडी दिली. मला कुणी काही बोललं नाही. विस्तव बंद केला नाही, पोरं शाळेत येत राहिली, वाटेत भेटलं तर रामराम होई. पण डबा वाजला की माझ्या दारावरून माणसं सरळ पुढे जात. रविवारी माझ्याकडे कुणी आलं नाही. मीही कुणाकडे गेलो नाही. तिथून शाळेपुरताच उरलो.

नारळी पुनव झाल्यावर नवरा मुंबईहून आला. शेत बघून तो थेट माझ्याकडे आला. मला त्याची चाहूल लांबूनच लागली. मारेल असं वाटलं. त्याचे हात असे होते की एका थपडेत मी आडवा झालो असतो. बायको दारात येऊन उभी राहिली.

तो ओसरीच्या पायरीवर बसला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "येवढंच सांगायचं व्हतं मला. पोष्टात कार्ड टाकायचं. मी गोदी सोडून आलो असतो."

मी त्याच्यासाठी पाट पुढे सरकवला.

"का न्हाय सांगितलंत?"

"भीती वाटली," मी म्हणालो.

"कसली?"

खरं तर शंभर कारणं होती, आणि दिपोटी त्यात होता, बोर्ड होतं, अर्ज होता. पण बायको माझ्याकडे बघत होती आणि तोही बघत होता, आणि आयुष्यात एकदा तरी खरं बोलावंसं वाटलं.

"जोळ ऐकून तुम्ही जमीन घेणार नाही, याची."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भलतंच काही बोललो.

"घेतली असती की," तो म्हणाला. "गोदीत पंचवीस वर्सं काढली मास्तर. माझं नाव घेऊन कुणी हाक मारली न्हाय, बिल्ल्याचा नंबर पुकारायचे. गावाबरोबर उभं राहायला मिळावं म्हणून तर आलो मी. त्ये तर मला पयलं सांगायचं."

तो उठला. बायको शेतावर एकटी आहे म्हणाला, आणि पावसात निघून गेला. त्याला पाणी विचारायचंही माझ्या लक्षात राहिलं नाही.